संस्थापुरुष अण्णासाहेब कर्वे

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून द्यावे, अशी चिटणीसांची सूचना आली, तेव्हा माझ्या मनात प्रथम आले ते महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव. ते आपल्या ज्ञातीचे नव्हते, मग त्यांचे चरित्र आपल्या स्मरणिकेत कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात येईलच. तूर्त एवढेच सांगतो की, आपले मंडळ विद्यार्थ्यांसाठी निधी जमविते, वसतिगृह चालविण्याचा संकल्प करते, आणि दर तीन वर्षांनी कार्यकारिणीवरून आपल्यात रुसवेफुगवेही होतात. संस्था म्हणजे काय, ती कशी उभी राहते आणि कशाने मोडते, हे ज्यांच्या चरित्रावरून शिकावे असे पुरुष महाराष्ट्रात थोडे झाले. अण्णांचे स्थान त्यांत फार वरचे आहे.

बालपण व पहिले धडे

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली या गावी आजोळी झाला. त्यांचे घर त्याच जिल्ह्यातील मुरूडचे. घरची स्थिती अगदी बेताची होती. परंतु स्वाभिमान मोठा. बडोद्याच्या महाराजांकडून ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात आहे, अशी वार्ता एकदा आली. मुलाच्या मनात जावेसे आले, पण मातोश्रींनी त्याला स्पष्ट नकार दिला. स्वतःसाठी हात पसरावयाचा नाही, हा धडा त्या मुलाच्या मनावर असा कोरला गेला की तो जन्मभर पुसला नाही. पुढे हाच मुलगा दुसऱ्यांसाठी पन्नास वर्षे दारोदार फिरला. आणि स्वतःसाठी त्याने कधी काही मागितले नव्हते, म्हणूनच लोकांनी त्याच्या झोळीत विश्वासाने टाकले.

दुसरा धडा त्यांना मिळाला तो शाळेतील सोमण गुरुजींकडून. विनायक लक्ष्मण सोमण हे खेड्यातील साधे शिक्षक. परंतु गावाचे बरे व्हावे ही तळमळ त्यांच्या ठायी होती. ते आपल्या या विद्यार्थ्याकडून गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवीत. गावातील लोकांनी थोडेथोडे भांडवल घालून एक दुकान काढावे, असा उद्योगही त्यांनी केला आणि त्या कामी लहानग्या धोंडोपंतांना जोडून घेतले. ते दुकान फार दिवस चालले नाही. पण सार्वजनिक पैसा म्हणजे काय आणि त्याचा हिशेब ठेवणे किती जोखमीचे, हे त्या मुलाने तिथे प्रत्यक्ष पाहिले. मी स्वतः आयुष्यभर खडू-फळ्याचे काम केले. बंद पडलेल्या उद्योगातूनही विद्यार्थी काही घेऊन जातो, ही गोष्ट माझ्यासारख्या शिक्षकाला मोठा दिलासा देणारी वाटते.

सरकारी परीक्षेसाठी अण्णा आपल्या सोबत्यांबरोबर मुरूडहून पावसापाण्यात घाट चढून साताऱ्यास पायी गेले. शंभरांहून अधिक मैलांची ती वाट होती. तिथे परीक्षकांना हा मुलगा सतरा वर्षांचा वाटेना. त्यांनी त्याला परीक्षेस बसू दिले नाही. आल्या पावली परतावे लागले. अशा प्रसंगी पुष्कळ मुले पुस्तके मिटून ठेवतात. अण्णांनी पुढे पुन्हा परीक्षा दिली, इंग्रजी शिक्षण उशिरा सुरू केले, १८८१ साली मॅट्रिक झाले आणि १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित विषय घेऊन बी.ए. झाले. त्या वेळी त्यांचे वय सव्वीस होते. त्यांच्या अंगी चमकदार बुद्धी नव्हती, वक्तृत्वही नव्हते, आणि स्वभाव इतका भिडस्त की चार माणसांत उभे राहून बोलणे त्यांना अवघड जाई. पुढारीपण जन्मजात असते असे जे समजतात त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मुरूड फंड आणि मुरूडचा बहिष्कार

मुंबईत शिकवण्या व शाळांतील अध्यापन यांवर त्यांचा प्रपंच चाले. अशा काळात १८८६ साली त्यांनी मुरूड फंड सुरू केला. गावच्या नोकरीधंद्यातील माणसांनी आपल्या प्राप्तीतील लहानसा भाग गावाच्या कल्याणासाठी द्यावा, अशी ती योजना होती. रक्कम लहान, पण नियम पक्का. अण्णांची ही पहिली संस्था. तिचे स्वरूप आपल्या मंडळाच्या निधीहून फारसे निराळे नव्हते, हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल.

१८९१ साली नामदार गोखले यांच्या बोलावण्यावरून ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक म्हणून आले. त्याच वर्षी त्यांच्या प्रथम पत्नी राधाबाई वारल्या. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांना एखादी दहाबारा वर्षांची वधू सहज मिळाली असती. परंतु विधुराने विवाह करावयाचा तर तो विधवेशीच, असा त्यांचा विचार ठरला होता. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील पहिल्या विद्यार्थिनी, विधवा गोदूबाई यांच्याशी पुण्यात विवाह केला. याच पुढे आनंदीबाई, म्हणजे सर्वांच्या बाया कर्वे.

विवाहानंतर उभयता मुरूडला गेली. ज्या गावासाठी अण्णांनी फंड उभारला त्याच गावाने सभा भरवून त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्यांना घरात थारा दिला तर भाऊ व वृद्ध माता यांनाही वाळीत टाकण्याची धमकी देण्यात आली. जिने दक्षिणेला जाऊ दिले नाही त्या मातेला आपल्या कर्त्यासवरत्या मुलाला जवळ बसवून घेता येईना. वाचकहो, ही गोष्ट आपण ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत वाचीत आहोत, याचा मुद्दाम विचार करावा. ज्ञातीचे बळ गरीब मुलाला फी देण्याच्या कामी येते, तसे ते मायलेकरांची ताटातूट करण्याच्याही कामी आलेले आहे. महाराष्ट्र राज्याला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला, यावरून हे दुखणे किती जुने व चिवट आहे हे दिसते.

अशा वेळी अण्णांनी काय केले? ते गावाशी भांडत बसले नाहीत, आणि गाव सोडूनही गेले नाहीत. मुरूड फंडाचे काम त्यांनी चालू ठेवले. ज्यांनी त्यांना पंगतीतून उठविले त्यांच्याच मुलांच्या शिक्षणासाठी ते पैसा जमवीत राहिले. संस्था ही आपल्या मानापमानाहून मोठी असते, हे सभेत बोलणे सोपे आहे. वर्तनात आणून दाखविणारे विरळा.

हिंगण्याची झोपडी

एक पुनर्विवाह झाल्याने हजारो विधवांचे दुःख निवारण होत नाही. त्यांना स्वतःच्या पायावर उभे करावयाचे तर शिक्षण हवे, हे अण्णांनी ओळखले. १४ जून १८९६ रोजी पुण्यात अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन झाली. अध्यक्ष डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि चिटणीस अण्णा. अण्णांनी आपल्या जवळची एक हजार रुपयांची शिल्लक प्रथम या कार्याला अर्पण केली आणि मगच इतरांकडे हात पसरला. आधी आपली गाठ सोडावी, मग शेजाऱ्याची पाहावी, हा क्रम त्यांनी कधी मोडला नाही.

पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. म्हणून १९०० साली आश्रम गावाबाहेर सुमारे चार मैलांवर हिंगण्यास नेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी तिथे सहा एकर जमीन दिली. त्या माळावर एक साधी झोपडी उभी राहिली, तोच आश्रम. कॉलेजातील तास संपले की अण्णा हिंगण्याची वाट धरीत. पावसाळ्यात चिखल, वाटेत ओढे, आणि खांद्यावर आश्रमासाठी घेतलेले सामान. रात्री तिथे मुलींना शिकवावयाचे, आणि सकाळी पुन्हा कॉलेजात हजर व्हावयाचे. इकडे घरी बाया लहान मुलांसह अडचणीत दिवस काढीत. त्या संसाराची ओढाताण सोसणारी ही बाई होती म्हणून हिंगण्याची झोपडी उभी राहिली. थोर पुरुषांची चरित्रे लिहिणारे आम्ही लेखक ही गोष्ट एका ओळीत उरकतो, हा आमचा दोष आहे.

दानशूर मंडळींपुढे एक मोठी अडचण होती. स्वतः पुनर्विवाह केलेला मनुष्य विधवांचा आश्रम काढतो, तेव्हा तिथे मुलींची लग्ने लावणार, अशी सनातन्यांना धास्ती; आणि लग्ने लावीत नाही म्हणून सुधारक नाराज. अण्णांनी स्पष्ट धोरण ठरविले: हे शिक्षणाचे घर आहे, इथे पुनर्विवाहाचा प्रचार होणार नाही. आपले वैयक्तिक मत त्यांनी सोडले नाही, लपविलेही नाही. परंतु संस्थेचा उद्देश आणि आपले मत यांत त्यांनी सरमिसळ होऊ दिली नाही. दोन्हीकडून टीका सोसली. आईबाप आपली विधवा मुलगी आश्रमात निर्धास्तपणे पाठवू लागले, ते या धोरणामुळेच.

याच संदर्भात एक उणीवही सांगितली पाहिजे. प्रारंभीच्या काळात आश्रमाचे दार मुख्यतः उच्चवर्णीय विधवांनाच उघडे होते. त्या वर्गात केशवपन व सक्तीचे वैधव्य यांचा जाच अधिक होता हे खरे. तथापि लोकापवादाचे भय हेही त्याचे एक कारण होते. मर्यादा सांगितल्याने महर्षींचा मोठेपणा उणावत नाही. त्यांनी ती पुढे कशी ओलांडली ते खाली येईलच.

पैशाचा हिशेब आणि माणसांची जोड

संस्था दोन गोष्टींवर चालते: पैसा आणि माणसे. पैशाच्या बाबतीत अण्णा गणिताचे प्राध्यापक शोभले. कॉलेजला सुटी लागली की ते वर्गणीसाठी बाहेर पडत. मोठ्या देणगीची वाट पाहत बसणे त्यांना ठाऊक नव्हते. आण्याची वर्गणी देणाराही त्यांच्या वहीत तितक्याच मानाने नोंदला जाई. वर्षाच्या अखेरीस अहवाल छापून सर्वांपुढे ठेवण्यात खंड पडत नसे. ज्याला आपला आणा कुठे गेला हे कळते, तो पुढल्या वर्षी दोन आणे देतो.

इथे माझा एक अनुभव सांगण्याचा मोह आवरत नाही. माझ्या नोकरीच्या गावी आम्ही काही शिक्षकांनी गरीब मुलांसाठी एक लहानसे वसतिगृह काढले होते. हेतू चांगला, देणगीदार चांगले. चिटणीस मीच. पावतीपुस्तके माझ्या पिशवीत असत, आणि हिशेब सवडीने लिहीन म्हणून मी ते महिनोन्‌महिने पुढे ढकलीत असे. एक पैशाचीही अफरातफर झाली नाही. पण वार्षिक सभेत एका शेतकऱ्याने आपल्या दोन पोती ज्वारीची नोंद मागितली, ती मला दाखविता आली नाही. त्याने आरोप केला नाही, तो नुसता उठून गेला. चौथ्या वर्षी वसतिगृह बंद पडले. माझा प्रामाणिकपणा मला ठाऊक होता. लोकांना तो दिसावा यासाठी लागणारी वही मी लिहिली नव्हती. अण्णांचे चरित्र मी त्यानंतर वाचले. आधी वाचावयास हवे होते.

माणसांच्या बाबतीत अण्णांची दृष्टी याहूनही दूरवरची होती. बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले ऐन विशीत विधवा झालेली, पदरी एक मुलगा, शिक्षण नाही. अण्णांनी तिला शिकते केले, मग शिकविते केले, आणि पुढे आश्रमाचा भार तिच्यावर टाकला. याच पार्वतीबाई वर्गणीसाठी गावोगाव फिरू लागल्या, आणि १९१८ साली एकट्या अमेरिकेस गेल्या. तिथे घरकाम करून पोट भरले, इंग्रजी शिकल्या आणि संस्थेसाठी निधी घेऊन परतल्या. हिंगण्याच्या झोपडीत किती सामर्थ्य निर्माण झाले होते, ते या एका बाईवरून कळते. आपल्या नात्यातील रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे या बुद्धिमान मुलाच्या शिक्षणाकडेही अण्णांनी असेच लक्ष दिले. तो पुढे केंब्रिजचा सीनियर रँग्लर होऊन आला आणि अण्णांच्या कार्यात उभा राहिला.

१९०७ साली कुमारिका व इतर मुलींसाठी महिला विद्यालय निघाले. १९०८ साली अण्णांनी निष्काम कर्म मठ स्थापिला. अल्प वेतनावर, कीर्तीची अपेक्षा न ठेवता संस्थेला आयुष्य देणारे स्त्री-पुरुष सेवक तयार करावेत, हा त्याचा हेतू. मठाच्या शपथेने बांधलेली ही माणसे नसती तर अण्णांच्या पश्चात सारे विस्कटले असते. चांगला पुढारी आपल्यामागून येणारांची तरतूद आपण हयात असतानाच करून ठेवतो. आपल्याकडे पुष्कळ संस्थांचे अध्यक्ष मात्र आपल्याशिवाय संस्थेचे पान हलत नाही, यातच भूषण मानतात. आणि ते गेले की खरोखरच पान हलत नाही.

महिला विद्यापीठ

१९१४ साली अण्णा कॉलेजातून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर माणूस देवळाच्या पायरीवर जाऊन बसतो. अण्णांनी सर्वांत मोठे काम तिथून पुढे आरंभिले. जपानमधील महिला विद्यापीठाविषयीची एक पुस्तिका त्यांच्या वाचनात आली. १९१५ साली मुंबईस भरलेल्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. तिथे त्यांनी ही कल्पना मांडली. मातृभाषेतून उच्च शिक्षण आणि स्त्रियांच्या जीवनाला उपयोगी असा अभ्यासक्रम, ही तिची दोन अंगे. त्यांच्या जवळच्या सहकाऱ्यांतही सर्वांना हे रुचले नाही. हिंगण्याचा बोजा असता हे नवे ओझे कशाला, असे पुष्कळांना वाटे. १९१६ साली विद्यापीठ सुरू झाले तेव्हा पहिल्या वर्गात विद्यार्थिनी होत्या अवघ्या पाच. लोक हसले. पाच मुलींचे विद्यापीठ कोणी ऐकले होते?

सर विठ्ठलदास ठाकरसी जपानला गेले, तिथले महिला विद्यापीठ त्यांनी डोळ्यांनी पाहिले, आणि १९२० साली अण्णांच्या विद्यापीठास पंधरा लाख रुपयांची देणगी दिली. विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव देण्यात आले. आणे गोळा करणाऱ्या हातात एकदम लाखो रुपये आले. अण्णांच्या राहणीत मात्र त्याने तीळमात्र फरक पडला नाही. विद्यापीठाचे मुख्य ठाणे पुढे मुंबईस गेले; जे रोप आपण लाविले ते दुसऱ्याच्या अंगणात वाढले, याचेही त्यांनी वैषम्य मानले नाही. हे विद्यापीठ आजही चालू आहे, आणि हिंगण्याच्या त्या माळाला आज कर्वेनगर म्हणतात.

वार्धक्यातील कार्य

१९२९ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, अण्णा युरोप, अमेरिका व जपान यांच्या प्रवासाला निघाले. त्यानंतर आफ्रिकेतही गेले. सर्वत्र आपल्या संस्थेची माहिती सांगितली आणि वर्गणी जमविली. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. ज्या खेड्यांत शाळाच नाहीत तिथे त्या काढाव्यात, म्हणून हा वृद्ध पुरुष पुण्याच्या रस्त्यांतून पुन्हा लहान लहान नाणी गोळा करीत हिंडू लागला. पंधरा लाखांची देणगी पाहिलेल्या माणसाला पैसा मागताना लाज वाटली नाही.

आणि १९४४ साली, शहाऐंशीव्या वर्षी, त्यांनी समता संघ स्थापिला. जातिभेद, उच्चनीचपणा, अस्पृश्यता नाहीशी होऊन माणसे समान व्हावीत, हा त्याचा उद्देश. आश्रमाच्या आरंभी जे दार पूर्ण उघडण्याचे धैर्य झाले नव्हते ते त्यांनी आयुष्याच्या उतारावर स्वतःच्या हाताने सताड उघडले. आपली चूक सुधारावयास वयाची अट नसते.

१९५० साली बाया वारल्या. १९५५ साली पद्मविभूषण आणि १९५८ साली, जन्मशताब्दीच्या वर्षी, भारतरत्न हे सन्मान अण्णांना मिळाले. ज्या मुरूडकराला एके काळी स्वतःच्या घरात प्रवेश नव्हता त्याच्या गौरवात सारे राष्ट्र सामील झाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या एकशे पाचव्या वर्षी, पुण्यात त्यांनी देह ठेविला.

उपसंहार

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. अण्णांची पहिली संस्था म्हणजे स्वतःच्या गावाचा, आपल्या माणसांचा फंड. तेथून ते अनाथ विधवांकडे, मग सर्व स्त्रियांकडे, मग खेड्यांतील अशिक्षितांकडे आणि अखेरीस मानवमात्राच्या समतेकडे गेले. आपल्या माणसांपासून आरंभ करण्यात कमीपणा नाही. तिथेच थांबण्यात आहे. आपल्या मंडळाचा विद्यार्थी साह्य निधी ही पायरी आहे, गच्ची नव्हे. शेजारच्या वस्तीतील गरीब, होतकरू मुलगा आपल्या संकल्पित वसतिगृहात राहू शकेल काय, हा प्रश्न येत्या वार्षिक सभेत कोणीतरी विचारावा. कोणी न विचारल्यास प्रस्तुत लेखक विचारणार आहे.

तरुण ज्ञातिबंधू-भगिनींना माझी विनंती एवढीच की, कार्यकारिणीत येताना प्रथम हिशेबाची वही हातात घ्यावी, व्यासपीठावरील खुर्ची मागाहून. वर्गणी लहान असली तरी पावती त्याच दिवशी फाडावी. मतभेद झाले तर घरी बसू नये. आणि आपल्या जागी बसविण्यासाठी एक तरी माणूस आपण असतानाच तयार करावा. अण्णांना वक्तृत्व नव्हते, द्रव्य नव्हते, आप्तांचा आधारही नव्हता. एवढ्या चार गोष्टी मात्र होत्या, आणि चारही शिकून येण्यासारख्या आहेत.